क्रीडा महोत्सवात प्रत्येक लेकराला पळवायलाच पाहिजे का?

लातूरची आई:
पोरगी सहावीत आहे. यंदा शाळेनं नियम काढला, प्रत्येकानं दोन खेळात भाग घ्यायचाच. तिला पळणं जमत नाही, १०० मीटरला सगळ्यात शेवटी आली, पोरांनी आठवडाभर चिडवलं, आता सकाळ झाली की पोट दुखतंय म्हणते. आवड आहे त्यानं खेळावं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. सक्ती कशाला?

आष्टीकर:
ताई, राग मानू नका पण हे वाचून गप बसवेना. "आवड आहे त्यानं खेळावं" म्हणलं की काय होतं ते मी भोगलंय. दरवर्षी तीच सात-आठ पोरं, त्यांनाच बक्षिसं, आणि आम्ही फक्कीच्या रेषेबाहेर मांडी घालून. आठवीत खो-खोच्या टीममधलं एक पोरगं तापानं पडलं म्हणून सरांनी मला खांबाजवळच्या चौकोनात बसवलं, त्या दिवशी मी दोन गडी बाद केले. तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं, मग आवड कुठून कळणार? आमच्या तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे बघा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचं लेकरू, २०२२ ला बर्मिंगहॅमला अडथळ्यांच्या शर्यतीत राष्ट्रकुलचं रौप्य आणलं. घरी बसून टाळ्या वाजवल्या असत्या तर?

लातूरची आई:
साबळेचं नाव प्रत्येक ठिकाणी आणू नका. तो सहा किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचा, आणि अडथळ्यांची शर्यत त्याला आर्मीत गेल्यावर सापडली. शाळेच्या एका दिवसाच्या कार्यक्रमानं त्याला घडवलं नाही. आणि तुमच्यावर सगळी शाळा हसली नव्हती, माझ्या पोरीवर हसली.

परभणीचे पीटी सर:
२१ वर्षं शिट्टी वाजवतोय म्हणून बोलतो. चूक सक्तीची नाही, वर्षभर ग्राउंडवर न नेता एकदम १०० मीटरला उभं करायचं ही चूक आहे. पीटीचा तास गणितवाले घेतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, पाहिजे असं त्यात लिहिलंय. किती शाळांत आहे सांगा. पोरगी हसण्याचा विषय झाली त्याला तिथले मोठे माणसं जबाबदार.

गेवराईकर:
तुम्ही सगळे ज्या लेकराला पळवायचं का नाही त्यावर भांडायलात ते निदान शाळेत तरी आहे. आमच्याकडं महोत्सव डिसेंबरात. तोवर निम्मा वर्ग आईबापासंगं कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, कुणी सांगली, कुणी कर्नाटक. माझा भाऊ वर्गात सगळ्यात जोरात पळायचा, पण एकाही महोत्सवात त्याचं नाव नाही कारण दरवर्षी त्या टायमाला तो उसाच्या फडात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचा. हे कधी कुणाच्या डोक्यात आलं का?

लातूरची आई:
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण माझा विषय वेगळा होता, तुम्ही ऊसतोडीवर नेला.

गेवराईकर:
वेगळा कसा? तुम्हाला भाग घ्यायची सक्ती नको, आम्हाला भाग घ्यायची सोयच नाही. २९ ऑगस्टला ध्यानचंदांच्या जयंतीला राष्ट्रीय क्रीडा दिन असतोय, शाळेत फोटोला हार घालून मोकळे होतात. त्याच दिवशी खेळ घ्या की! सगळी लेकरं गावात असतात.

आष्टीकर:
ऑगस्टात आमच्या काळ्या रानात बूट काढून हातात घ्यावा लागतो, पळायचं कुठं? एखादं लेकरू घसरून हात मोडून घेईल.

गेवराईकर:
चिखलाचं कारण सांगू नका, मी चिखलातच कबड्डी शिकलो. लेकरं पडतात, उठतात.

परभणीचे पीटी सर:
हात मोडला की पालक कुणाच्या दारात येतात ते मला विचारा. ऑगस्ट नकोच. पण दसऱ्याच्या आत घेता येईल, ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या त्यानंतरच लागतात. घटक चाचणी मधे येते, ती सरकवावी लागेल. मी हेडमास्तरांना बोलतो, ऐकतील का माहीत नाही.

लातूरची आई:
तारीख बदला नाहीतर नका बदलू, १०० मीटरची सक्ती मला पटलेली नाही. सरांचं एवढं मान्य की जूनपासून ग्राउंडवर नेलं असतं तर ती एवढी घाबरली नसती. गल्लीत लंगडी मात्र ती तासभर खेळते, कुणाला सापडत नाही. लंगडी ठेवतात का हो कुठं?

परभणीचे पीटी सर:
आम्ही ठेवतो. पाचवी ते सातवी, मुलींची वेगळी टीम.