‘पॅच लागू होत नाही’ : लागू होणे, लागू पडणे की बसणे?

तिफण
प्रोग्रामच्या फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या संगणकप्रणालीच्या आज्ञांची मराठी टिपणे विद्यार्थ्यांसाठी तयार करीत आहे. पॅच म्हणजे फाइलमध्ये करायच्या बदलांची यादी, आणि ती फाइलवर लावणारी आज्ञा म्हणजे ‘गिट अप्लाय’. ही आज्ञा फसली की येणाऱ्या संदेशाचे भाषांतर मी ‘पॅच लागू होत नाही’ असे केले होते. एका विद्यार्थिनीने ते वाचले आणि तो पॅच सोडून ती पुढच्या पॅचकडे गेली. विचारल्यावर म्हणाली, ‘आपल्याला लागू होत नाही, असे लिहिले होते.’ मराठी म्हणून तिचे वाचन अगदी बरोबर आहे, कारण नियम लागू होत नाही म्हणजे त्याचा आपल्याशी संबंधच नाही. येथे पॅच त्याच फाइलसाठी असतो. फक्त बदलाच्या वरखाली ज्या ओळी असायला हव्यात, त्या फाइलमध्ये सापडत नाहीत.

दुसरी अडचण याच आज्ञेच्या थ्री-वे पर्यायाची, म्हणजे फाइलच्या तीन प्रती ताडून तिहेरी मेळ घालण्याची आहे. २०२१ मधील २.३२ या आवृत्तीपूर्वी हा पर्याय दिल्यास पॅच आधी सरळ लावून पाहिला जाई आणि ते न जमल्यास तिहेरी मेळ घातला जाई. आता तिहेरी मेळ आधी आणि तो न जमल्यास सरळ लावणे, असा क्रम आहे. पहिला मार्ग सोडून दुसऱ्याकडे वळताना मूळ संदेशात ‘फॉलिंग बॅक’ असे शब्द येतात. ‘माघार घेत आहे’ असे लिहिले तर हार मानल्यासारखे वाटते. काय लिहावे?

पाणपोई
पहिल्यासाठी ‘लागू पडणे’ घ्यावे. औषध लागू पडले नाही म्हणजे ते भलत्याच रोग्याला दिले असे नव्हे. रोगी तोच, पण गुण आला नाही.

तिफण
मलाही तो शब्द आवडला होता, पण लागू न पडलेले औषध पोटात गेलेले असते. गिट अप्लायचे तसे नाही. पाच तुकड्यांपैकी एक जरी नाकारला गेला, तरी ती संपूर्ण पॅच नाकारते आणि फाइलला हातही लावत नाही. ‘रिजेक्ट’ हा पर्याय मुद्दाम दिला तरच जमतील ते तुकडे लावून उरलेले वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवते. ‘लागू पडला नाही’ असे वाचून विद्यार्थी फाइल बिघडली समजतील आणि जुनी प्रत शोधत बसतील.

सड्यावरून
आमच्याकडे रत्नागिरीत हा भेद एकाच शब्दाभोवती दिसतो. कायद्याचे कलम लागू होते किंवा होत नाही, आणि आंब्याचे कलम जीव धरते किंवा धरत नाही. माझे वडील कोयकलमे बांधत. खुंट आणि काडी यांची जाडी जुळली नाही, साल सालीला भिडली नाही, तर कलम धरत नसे. मात्र कलम चुकीच्या झाडाचे होते, असे त्या वेळी कोणी म्हणत नसे. म्हणून ‘पॅच धरला नाही’ असे लिहावे.

शुद्धलेखणी
क्रियापदावर एवढी चर्चा चालली असताना ‘पॅच’ हा शब्द सगळ्यांनी निमूट स्वीकारला, याचे वाईट वाटते. ‘ठिगळ’ हा शब्द घराघरांत आहे. सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द दिले तेव्हाही ते चालणार नाहीत, असेच म्हटले जात होते.

पाणपोई
‘दिनांक’ अर्जावर चालतो, बोलताना आपण तारीखच विचारतो. शिवाय ठिगळात दारिद्र्य आहे. ‘आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार’ असे म्हणणाऱ्या भाषेत, महिनाभर खपून केलेल्या सुधारणेला ठिगळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सायकलच्या दुकानात ‘पॅच मारणे’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तो आता मराठीच शब्द आहे.

शुद्धलेखणी
दारिद्र्य इंग्रजी शब्दातही आहे. सुरुवातीच्या संगणकांच्या कागदी फितीवर चुकीचे भोक पडले की त्यावर खरोखरीच कागदाचा तुकडा चिकटवीत, आणि तेथूनच हा शब्द आला. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये आपल्या प्रोग्रामला ‘पॅच’ हेच नाव दिले, तेव्हा त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्यालाच आपल्या आजीच्या शब्दाची लाज का वाटावी? ठिगळ लावताना ती आधी कापडाचे उभेआडवे धागे जुळवून पाहत असे, आणि गिटही वरखालच्या तीन-तीन ओळी जुळवूनच पाहते.

उंबरठा
मी हीच आज्ञा रोज वापरतो आणि बोलताना ‘पॅच बसला’, ‘पॅच बसत नाही’ असेच म्हणतो. झाकण बसत नाही, चावी बसत नाही, तसेच हे. यात संबंध नसल्याचा अर्थ निघत नाही आणि काही बिघडल्याचाही निघत नाही.

तिफण
संदेशासाठी हे मला सर्वांत जवळचे वाटते. तरीही एक शंका आहे. २.३२ मध्ये क्रम बदलला तो यासाठी की, फाइलमध्ये त्याच त्या ओळी पुन्हापुन्हा येत असतील, तर सरळ लावलेला पॅच चुकीच्या जागी गुपचूप बसू शकतो. सदऱ्याची बटणे एक काज सोडून लावली तर प्रत्येक बटण नीटच बसते, पण सदरा वाकडा होतो. तिहेरी मेळात मात्र पॅच ज्या प्रतीवरून तयार झाला ती, त्या बदलानंतरची आणि आपली आजची अशा तीन प्रती समोर ठेवल्या जातात, त्यामुळे चुकीच्या जागी बसण्याऐवजी तंटा, म्हणजे दोन बदलांतला विरोध, तरी उघड होतो. ‘बसला’ या शब्दात ‘योग्य जागी बसला’ हे येते का?

सड्यावरून
‘धरला’ मध्ये येते. भलत्या जागी बांधलेले कलम धरत नाही.

उंबरठा
धरते, पण फळ भलते येते. आमच्या परड्यात तसे एक झाड आहे.

शुद्धलेखणी
‘तंटा’ हा शब्द आपण वापरलात याचा आनंद झाला. सगळीकडे ‘संघर्ष’ लिहितात. परंतु ‘ठिगळ’वर आपले मत सांगितले नाहीत.

तिफण
टिपणात एकदा ‘पॅच, म्हणजे ठिगळ’ असे लिहीन आणि पुढे ‘पॅच’च ठेवीन, कारण विद्यार्थ्यांना आज्ञेत तोच शब्द टंकायचा आहे. ‘फॉलिंग बॅक’चे मात्र अजून कोणीच सांगितले नाही. ज्या प्रतीवरून पॅच झाला ती आपल्या भांडारात, म्हणजे गिटने जपलेल्या प्रतींच्या साठ्यात, नसेल, तर तिहेरी मेळ घालताच येत नाही आणि आज्ञा सरळ लावण्याकडे वळते. सध्या ‘मेळ जमला नाही, आता सरळ लावून पाहत आहे’ असे लिहिले आहे.

पाणपोई
‘जमला नाही’ ऐवजी ‘जुळला नाही’ लिहावे. मेळ जुळतो, जमते ती माणसांची गर्दी.

सड्यावरून
आमच्याकडे मेळही जमतोच.