घरच्या बागेतील स्ट्रॉबेरी: आपापल्या गावचे अनुभव

पुणे (आवाहन आणि पहिला अनुभव)

सप्टेंबर संपत आला की पुण्यातल्या रोपवाटिकांमध्ये स्ट्रॉबेरीची रोपे दिसू लागतात आणि त्याबरोबर तेच ते प्रश्नही सुरू होतात: कुंडी केवढी घ्यावी, ऊन किती लागते, रोप उन्हाळ्यात का मरते. महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतीची माहिती भरपूर मिळते, परंतु तिथे गादीवाफा (म्हणजे मातीचा उंच वाफा), प्लॅस्टिकचे आच्छादन, ठिबक आणि साडेचार हजार फूट उंचीवरची थंडी असते. आपल्याकडे दहा इंची कुंडी आणि नळाचे पाणी असते. म्हणून ज्यांनी स्वतःच्या घरी या रोपाला फळ धरलेले पाहिले आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. जात, लावणीचा महिना आणि गावचे हवामान यांचा उल्लेख अवश्य करावा, कारण त्यांच्याविना एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

सुरुवात मीच करतो. गच्चीवर विंटर डॉन आणि स्वीट चार्ली या दोन्ही जाती ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावतो. विंटर डॉन आधी फळते, तर स्वीट चार्लीचे फळ कमी आंबट असते. पहिल्या फुलाचे फळ सर्वांत मोठे येते आणि त्याच तुऱ्यावरची पुढची फळे क्रमाने लहान होत जातात, त्यामुळे जानेवारीत फळे बारीक दिसू लागली म्हणून लगेच खताचा मारा करण्याचे कारण नाही. या जाती लहान दिवसांत आणि थंड रात्रींत फुलांच्या कळ्या धरतात. दिवस मोठा होऊन उष्मा वाढला की त्याच रोपाची शक्ती लांब धावते फुटवे, म्हणजे रनर, काढण्याकडे वळते. मार्चमध्ये रोप हिरवेगार दिसते, पण फूल येत नाही, याचे कारण हेच आहे. पठारावर आणि मैदानात हे पीक मेथी-कोथिंबिरीप्रमाणे एका हंगामाचे मानावे, असे माझे मत झाले आहे.

वाई

आमच्या घरी रोपवाटिकेचे काम असल्याने मी रोपाविषयीच लिहिते. महाबळेश्वरी पाऊस इतका कोसळतो की पावसाळ्यात तिथे उघड्यावर रोपे टिकवणे अवघड असते, म्हणून परदेशातून आणलेल्या मातृरोपांपासून नवी रोपे वाढवण्याचे काम बरेचसे खाली वाई तालुक्यात होते. मातृरोपाला फुटलेला रनर मातीच्या पिशवीत टेकवला की त्याच्या गाठीला मुळे येतात, आणि तेच रोप सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर लावणीला जाते. घरच्या बागेसाठी येणारी रोपेही बहुधा याच मार्गाने आलेली असतात.

विकत घेताना पिशवी हळूच बाजूला सारून मुळे पाहावीत. ती पांढरट आणि ताजी असावीत. काळी पडलेली आणि बोटाने दाबताच साल सुटणारी मुळे असतील, तर ते रोप कितीही टवटवीत दिसले तरी घेऊ नये. लावताना गाभा, म्हणजे जिथून पाने फुटतात तो आखूड जाड भाग, बरोबर मातीच्या पातळीवर ठेवावा. तो गाडला गेला तर कुजतो आणि फार वर राहिला तर मुळे उघडी पडून सुकतात. लागलेले नुकसान पंधरा दिवसांनी दिसते आणि तोवर दोष पाण्याला दिला जातो. बियांच्या पाकिटांबद्दल मात्र स्पष्ट लिहावेसे वाटते: या संकरित जातींच्या बियांपासून मूळ जातीसारखे रोप येत नाही, आणि पाकिटावर छापलेली निळी स्ट्रॉबेरी तर जगात कुठेच नाही.

ठाणे

उंच मजल्यावरील सज्जात दोन लांबट कुंड्यांमध्ये मी स्ट्रॉबेरी घेते. कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती असे हलके मिश्रण ठेवले, कारण या रोपाची बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या फुटातच पसरतात आणि त्यांना तुंबलेले पाणी अजिबात सोसत नाही. फुले आली, पण फळे वेडीवाकडी, एका बाजूने आवळलेली येऊ लागली. रोग समजून औषध शोधण्याआधी फुलाची रचना समजून घेतल्याचा फायदा झाला. फळावर ज्यांना आपण बिया म्हणतो, ती प्रत्येकी स्वतंत्र छोटी फळे असतात आणि लाल गर हा त्यांच्याखालचा फुगलेला देठाचा भाग असतो. ज्या बाजूच्या दाण्यांना पराग मिळत नाही, त्या बाजूचा गर फुगत नाही. इतक्या उंचीवर मधमाशी क्वचितच येते, म्हणून सकाळी दहा-अकराच्या सुमारास मऊ कुंचला प्रत्येक फुलावर गोलाकार फिरवणे सुरू केले आणि नंतरची फळे सुडौल आली. आकाराने ती बाजारातल्या फळांची बरोबरी करीत नाहीत. ठाण्याची थंडी ती केवढी!

छत्रपती संभाजीनगर

ठाण्याच्या ताईंना परागाची अडचण होती, आमच्याकडे पाण्याची आहे. बोअरचे पाणी जड असल्यामुळे पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात, कारण क्षारांच्या बाबतीत स्ट्रॉबेरी फार नाजूक आहे. आमच्या इमारतीत काही जण पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने आरओचे वाया जाणारे पाणी कुंड्यांना घालतात. त्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असल्याने या रोपासाठी ते बोअरपेक्षाही वाईट ठरते. आम्ही साठवलेले पावसाचे पाणी जानेवारीपर्यंत पुरवतो आणि पुढे नळाच्या पाण्यावर भागवतो. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की लाल कोळी ही बारीक कीड येते. पानाच्या वरच्या बाजूला बारीक फिके ठिपके दिसले की पान उलटून जाळे पाहावे, सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारावा आणि कीड कायम राहिल्यास संध्याकाळी कडुनिंबाचे तेल फवारावे.

लेस्टर, इंग्लंड

इथे सारेच उलटे आहे. रोपे मार्च-एप्रिलमध्ये उघड्या मुळांची, म्हणजे मातीविना मिळतात, आणि फळ जूनमध्ये, विम्बल्डनच्या आसपास येते. पहिल्या फळांखाली पेंढा अंथरण्याची इथली रीत केवळ शोभेची नाही. ओल्या मातीला टेकलेल्या फळावर एका पावसात राखाडी बुरशी चढते. गोगलगायींचा उपद्रव मात्र पेंढ्याने कमी होत नाही, उलट त्यांना आसराच मिळतो, म्हणून मी टांगत्या कुंड्यांकडे वळलो. तोडणी संपल्यावर जुनी पाने कापून टाकली की नवी पालवी येते आणि तेच रोप तीन-चार वर्षे फळ देते. नंतर जागा बदलावी लागते. बटाटे किंवा टोमॅटो घेतलेल्या जागी स्ट्रॉबेरी लावू नये, कारण मुळांतून चढणारा मर, म्हणजे रोप कोमेजवणारा रोग, या पिकांत सामाईक आहे.

न्यू जर्सी

अर्लीग्लो ही जुनी जात अंगणातल्या वाफ्यात आहे. पहिल्या वर्षी सर्व फुले खुडून टाकावी लागतात, जेणेकरून रोप मुळे धरील. भारतातून आलेल्या आईवडिलांना हे पाहताना फार वाईट वाटले होते. जमीन गोठली की वाफ्यावर पेंढ्याचा थर पसरतो आणि वसंतात तो बाजूला सारतो. खरा धोका त्यानंतर, फुलोऱ्याच्या वेळी पडणाऱ्या उशिराच्या हिमाचा असतो. रात्री पारा उतरणार असे कळले की जुनी चादर घालून वाफा झाकतो, कारण हिम लागलेल्या फुलाच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात, पण मधला भाग काळा पडतो आणि त्याचे फळ होत नाही. फळ लाल होण्याआधीच जाळी लावावी. पक्षी आणि चिपमंक (इथला खारीसारखा प्राणी) एकदा चव घेऊन गेले की मग लावलेल्या जाळीला ते जुमानत नाहीत. अर्धवट पांढरे फळ तोडून घरात पिकवण्याचाही उपयोग नाही. तोडल्यानंतर रंग थोडा चढतो, गोडी वाढत नाही.

नागपूर

पुण्याच्या दादांनी हे पीक एका हंगामाचे मानावे असे लिहिले आहे, त्याला थोडी पुस्ती जोडतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या थंड असतात आणि फळ पुण्यापेक्षा कमी येत नाही. मे महिन्यात मात्र पारा पंचेचाळीसकडे जातो. तरीही काही रनर मी जगवले आहेत. उत्तरेकडच्या पडवीत हिरव्या जाळीखाली, कूलरच्या ओल्या हवेच्या झोतात कुंड्या ठेवल्या आणि दोन वेळा पाणी दिले, तेव्हा रोपे पावसाळ्यापर्यंत पोचली. पुढच्या हंगामात त्यांना फळही आले, परंतु ते वाईहून आलेल्या ताज्या रोपांच्या मानाने लहान आणि उशिराचे होते. नवे रोप ऑक्टोबरमध्ये सहज मिळत असल्यामुळे आता मी तो खटाटोप करीत नाही. ज्यांच्या गावी ते मिळत नाही, त्यांनी मात्र कूलरची बाजू जरूर वापरून पाहावी.