शब्दचर्चा : टॅगने 'ओ' दिली म्हणजे माल मोजला का?

ताई, भुसावळ

गोदामातला साठा रेडिओ टॅग (मालाला चिकटवायची, आपला क्रमांक सांगणारी छोटी चिप) आणि फिरता रोबो वापरून मोजायच्या यंत्रणेचे पडद्यावरचे मजकूर मराठीत करायचे आहेत. वापरणारी मंडळी म्हणजे गोदामपाल, मापाडी, हमाल. तीन वाक्यांवर घोडं अडलंय : "४१२ टॅग वाचले", "८ टॅग गहाळ", "इन्व्हेंटरी पूर्ण".

पहिल्यातली अडचण 'वाचणे'ची. शेड गळून पावसाचं पाणी आत आलं की "४१२ पोती वाचली" असंच आपण म्हणतो, म्हणजे बचावली. मग उरलेल्या आठांचं काय झालं असं समजायचं? दुसऱ्यातला 'गहाळ' वाचून गोदामपालाची नजर थेट हमालावर जाईल, आणि यंत्राला तर एवढंच कळलेलं असतं की उत्तर आलं नाही. तिसऱ्यासाठी साठा, शिल्लक, गणती, मोजदाद असे चार शब्द समोर आहेत आणि चारही थोडे थोडे चुकताहेत. काय घ्यावं?

नाना, जळगाव

ताई, आधी यंत्र नेमकं काय करतं ते धरू, शब्द त्यातूनच निघेल.

पोत्याला लावतात त्या साध्या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या, म्हणजे रोबोवर बसवलेल्या विचारणाऱ्या यंत्राच्या, अँटेनातून निघालेली लहर अंगावर पडली की तिच्याच जोरावर चिप जागी होते, आणि तीच लहर कमीजास्त परतवून टॅग आपला क्रमांक सांगतो. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा, त्यामुळे मुंबई-आग्रा महामार्गावरचा टोलनाका ओलांडलेल्या कोणालाही हे पटकन समजतं. (जाता जाता : अमेरिकी पट्ट्याचा, म्हणजे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा रीडर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्या पट्ट्याचा बराच भाग आपल्याकडे मोबाइलच्या वाट्याला गेला आहे.)

या सगळ्यात 'वाचन' कुठेच नाही. बारकोड वाचला जातो, कारण रेघा समोर दिसाव्या लागतात. इथे रीडर हाक मारतो आणि टॅग ओ देतो. तेव्हा "४१२ टॅगांनी ओ दिली", "८ टॅगांनी ओ दिली नाही" असं लिहा. यात कोणावर आळ नाही, आणि माल बुडाला की बचावला हा घोळही नाही. 'रीडर'ला वाचक म्हणू नका. वाचक म्हणजे पुस्तक वाचणारा माणूस. रीडरच राहू द्या, तो शब्द रुळलेला आहे.

'इन्व्हेंटरी' इंग्रजीतच दोन कामं करते. कार्यालयात तिचा अर्थ मालाचा साठा. रेडिओच्या मानकात मात्र एका दमात सगळ्या टॅगांची विचारपूस करण्याच्या फेरीलाच 'इन्व्हेंटरी' म्हणतात. मराठीत हे दोन अर्थ वेगळे ठेवायची संधी आहे : मालाला साठा, विचारपूस करण्याला हजेरी.

भाऊ, धुळे

नाना, 'हाक' आणि 'ओ' मनापासून पटले. पण 'हजेरी'बाबत एक फरक नोंदवतो, कारण तिथेच बिघाड होतो. शाळेत मास्तर नाव घेऊन हजेरी घेतात. रीडरला नावं माहीतच नसतात. तो म्हणतो, "सोळा पाळ्या आहेत, जो तो आपली पाळी चिठ्ठीने ठरवा." प्रत्येक टॅग मनाशी एक आकडा काढतो आणि त्या पाळीला ओ देतो. समोर ६० टॅग आणि पाळ्या १६ असतील तर एकेका पाळीला तिघे-चौघे एकदम बोलतात आणि रीडरला कोणाचंच कळत नाही. पाळ्या २५६ केल्या आणि टॅग दहाच असले तर नुसती वाट बघण्यात वेळ जातो. हा आकडा दुपटी-निमपटीने वरखाली होतो. बहुतेक रीडर तो आपोआप जुळवतात, पण कोणी हाताने बांधून ठेवला की थप्पी कमीजास्त झाल्याबरोबर ओ देणारे घटतात आणि सगळे टॅगला दोष देतात.

एकदम बोलण्याला इंग्रजीवरून 'टक्कर' हा शब्द सुचेल. तो अजिबात नको. यंत्र चाकांवर फिरणारं आहे. पडद्यावर "टक्कर : ३७" दिसलं की माणूस आधी रोबोकडे धावेल. 'गलका' लिहा : "गलका जास्त, पाळ्या वाढवा."

दुसरी गोष्ट हजेरीच्या प्रकाराची. एका प्रकारात टॅग एकदा ओ देऊन गप्प बसतो. लहर अंगावर असेपर्यंत तो गप्प राहतोच, आणि लहर गेल्यावरही निदान दोन सेकंद राहतो. त्यामुळे दूरच्या, क्षीण आवाजाच्या टॅगांना संधी मिळते. मोजायला हा प्रकार बरा. दुसऱ्यात टॅग दर फेरीला पुन्हा पुन्हा ओ देतो. जागा शोधायला हाच लागतो, कारण रोबो पुढे सरकताना आवाज कुठे चढला आणि कुठे उतरला यावरूनच टॅगचं ठिकाण कळतं, आणि एका ओ वरून चढउतार समजत नाही. अहिराणीत हमाल दोन वेगळे प्रश्न विचारतो : "कितला शेत?" (किती आहेत?) आणि "कोठे शेत?" (कुठे आहेत?). यंत्रालाही ते वेगवेगळेच विचारावे लागतात. म्हणून 'मोजहजेरी' आणि 'ठावहजेरी' असे दोन शब्द सुचवतो.

ताई, भुसावळ

'गलका' लगेच घेतला. मोजहजेरी, ठावहजेरी उच्चारायलाही सोपे आहेत. पण ठावहजेरीत जागा किती अचूक कळते? "रांग ३, खण ५, वरून दुसरा थर" एवढं पडद्यावर छापायचा आग्रह आहे.

भाऊ, धुळे

रांग आणि खण छापा, थर जपून. रोबो ज्या दिशेने चालतो त्या दिशेची जागा चांगली कळते, उंचीची नाही. त्यासाठी खांबावर वेगवेगळ्या उंचीला दोन-चार अँटेना लावतात आणि कोणत्या अँटेनाला ओ मोठी ऐकू आली ते पाहतात. वेग फार महत्त्वाचा. अँटेनाचा झोत समोरच्या मांडणीवर दोन मीटर रुंद पडत असेल आणि रोबो सेकंदाला ३० सेंटिमीटर सरकत असेल, तर एका टॅगला सहा-सात सेकंद मिळतात. मीटरभर वेगाने नेलात तर दोनच. लहरीच्या कलेवरून, म्हणजे फेजवरून (परतलेली लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यावरून), याहून बारीक अंदाज येतो, पण इथे लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर आणि लहर जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापत असल्याने तीच कला दर १७ सेंटिमीटरला परत येते. त्यामुळे एकट्या कलेवर भिस्त ठेवली तर टॅग एक पोतं अलीकडे की पलीकडे, हे ठरत नाही.

शिवाय लोखंडी मांडणीवरून लहर उसळते आणि शेजारच्या रांगेतला टॅगही ओ देतो. पत्र्याची भिंत लहर अडवते, विटांची बऱ्यापैकी जाऊ देते, त्यामुळे पलीकडच्या खोलीतूनही ओ येते. ही 'परकी ओ'. ती ओळखण्यासाठी प्रत्येक खांबावर ठरावीक उंचीला कायमचे टॅग चिकटवा. त्यांना 'खुणेचे टॅग' म्हणू. ज्या टॅगची ओ शेजारच्या खुणेच्या टॅगाबरोबर चढते-उतरते तो इथला, बाकी परके.

आप्पा, नंदुरबार

ताईंच्या दुसऱ्या वाक्याविषयी लिहितो, कारण व्यापारात तेच वाक्य महागात पडते. 'गहाळ', 'तूट' आणि 'घट' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. मिरची पथारीवर वाळते, वजन उतरते, ती घट. घटीला कोणी जबाबदार नसतो, ती व्यवहारात धरलेलीच असते. वहीत आहे आणि जागेवर नाही ती तूट. तिला कोणीतरी उत्तर द्यावे लागते. टॅगने ओ दिली नाही हे या दोन्हींतले काहीच नाही. तो टॅग 'मुका' आहे, एवढेच म्हणता येते.

मुका होण्याची कारणे मालागणिक वेगळी. केळीच्या खोक्यांत पाणी फार, आणि पाणी या लहरी पिऊन टाकते. खोक्याला आतून फळाला टेकून टॅग लावला तर तो मुकाच. बाहेरून, कोपऱ्याशी, जिथे आत पोकळी राहते तिथे लावावा. रुईच्या गाठीत कापूस कोरडा असला तर त्रास नाही. त्रास बांधणीच्या लोखंडी पट्ट्यांचा. पट्टीवर टॅग बसला की त्याचा सूरच बदलतो. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावावा. धातूच्या डब्याला लावायचाच असेल तर धातूसाठी बनवलेला, खाली काही मिलिमीटर फोम असलेला टॅग घ्यावा. प्लास्टिकच्या चटया, पीव्हीसी पाइप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी यांतून लहर सहज जाते. जळगावच्या त्या मालाला यंत्रणा उत्तम.

डाळीच्या पोत्यांचे तसे नाही. ५० किलोच्या पोत्यांची थप्पी लागली की बाहेरच्या अंगाची पोती ओ देतात आणि पोटातली देत नाहीत. चार पोत्यांपलीकडचा टॅग ऐकू येईल असे धरून चालू नये. म्हणून थप्पीला एक टॅग लावतात, जुन्या थप्पीपत्रकाच्या जागी. पण मग यंत्र जे सांगते ते थप्पी कुठे आहे एवढेच. पोती किती, हे थर गुणिले एका थरातली पोती असेच मोजावे लागते. त्यामुळे पडद्यावर 'पोती ४२०' दाखवताना तो आकडा ओ देण्यातून आला की वहीतून उचलला, हे शेजारी लिहिलेच पाहिजे. 'वहीची शिल्लक' आणि 'जागेवरची शिल्लक' हे शब्द आपल्याकडे तयार आहेत, तेच घ्या.

ताई, भुसावळ

आप्पा, हे फार मोलाचं सांगितलंत. 'मुका' आणि दोन्ही शिल्लक घेते. आता टॅगलाच मराठी शब्द द्यावा का? माझ्या यादीत 'पट्टी', 'खूणचिठ्ठी', 'बिल्ला' आहेत.

नाना, जळगाव

पट्टी नको. बाजार समितीत पट्टी म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, शेतकरी "पट्टी मिळाली का?" विचारतो तेव्हा त्याला पैशांचा कागद हवा असतो. बिल्ला कानाला छान लागतो, पण हमालाच्या छातीवर त्याचा स्वतःचा बिल्ला असतो, आणि "बिल्ला तपासा" या सूचनेचा अर्थ तो भलताच घेईल. टॅगच ठेवा.

एक शब्द मात्र तातडीने ठरवायला हवा. बारदान परत परत वापरलं जातं. शिवणीत टॅग राहून गेला तर रिकामं पोतं दुसऱ्या गिरणीत भरल्यावरही जुन्या क्रमांकाने ओ देतं, आणि यंत्र सांगतं की विकलेली तूरडाळ परत आली. त्यासाठी टॅग कायमचा बंद करण्याची आज्ञा मानकातच आहे; ३२ बिटांचा परवलीचा आकडा दिला की टॅग पुन्हा कधीच बोलत नाही. इंग्रजीत तिला 'किल' म्हणतात. 'मारणे' लिहू नका, कारण 'मार्का मारणे', 'शिक्का मारणे' म्हणजे उलट खूण उमटवणं. "टॅग मारा" वाचून हमाल नवा टॅग लावेल. 'टॅग कायमचा बंद' असं पूर्ण लिहा, आणि माल दाराबाहेर पडताना ते करा. टॅग पुन्हा वापरायचा असेल तर बंद न करता फक्त वहीतून 'उतरवा'.

भाऊ, धुळे

रोबोबद्दल थोडं. 'यंत्रमानव' नको, त्याला ना हात ना डोकं. जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरूनच चालतो तो 'आखीव वाटेचा', आणि लेझरने भिंती-खांब पाहून स्वतः वाट काढतो तो 'मोकळ्या वाटेचा'. आपल्या गोदामांत हा फरक मोठा, कारण थप्प्या रोज हलतात. मोकळ्या वाटेच्या रोबोला नकाशा शिकवताना गोदाम शक्य तितकं रिकामं ठेवा, म्हणजे तो खांब लक्षात ठेवेल, थप्पी नाही. लेझर एकाच उंचीवर पाहतो. फोर्कलिफ्टचे जमिनीलगतचे दाते त्याला दिसत नाहीत. चाकाच्या आसाला सुतळी गुंडाळते, म्हणून दर फेरीआधी झाडू मारणं हे कामाचं पहिलं पाऊल म्हणून पुस्तिकेत लिहा. शहाबादी फरशीच्या उघड्या सांध्यांत चाक धक्का खातं आणि जागेचा हिशेब सरकतो. सांधे भरून घ्या. उन्हाळ्यात पत्र्याखाली ४५ अंशांच्या वर गेल्यावर बॅटरी भरू नये. चार्जिंग पहाटे ठेवा.

त्याच्या फिरण्याला कोणी 'गस्त' म्हणतं. गस्त चोरासाठी असते. 'फेरी' म्हणा.

ताई, भुसावळ

आतापर्यंतचं धरून पडदा असा होतोय :

फेरी पूर्ण. मोजहजेरी. वहीची शिल्लक ४२०. ओ दिली ४१२. मुके ८ : वहीप्रमाणे रांग ३, खण ५. परकी ओ २, धरलेली नाही. तूट : ____. मुके टॅग हाताने तपासा.

आप्पा, नंदुरबार

'हाताने तपासा' ऐवजी 'समक्ष पाहा' करा. हाताने म्हटले की माणूस हातातला रीडर आणतो, आणि रोबोला जो मुका तो त्यालाही मुकाच असू शकतो. इथे पोते डोळ्यांनी बघायचे आहे. आणि तुटीची जागा गोदामपालाची सही झाल्याशिवाय भरताच येऊ नये, असे करून घ्या.