तुमच्याकडे घर कितीला पडतं? (अनुभव लिहा)

चौरस फुटाचा भाव सगळेच सांगतात. पण हप्ता किंवा भाडं, मेंटेनन्स, टँकर, पास, पेट्रोल एवढं सगळं गेल्यावर पंधरा तारखेला हातात काय राहतं, हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आमच्या घरी सध्या हाच विषय चालू आहे. भाचीला मुंबई आणि पुणे दोन्हीकडून नोकरी आली आहे, मुंबईचा पगार थोडा जास्त आहे आणि प्रत्येक नातेवाईक आपापल्या शहराचा भाव ऐकवून मोकळा होतोय. धागा तिच्यासाठी काढला आहे, पण उपयोग बऱ्याच जणांना होईल असं वाटतं.

लिहिताना एवढं जरूर सांगा: जागा कार्पेट (भिंतींच्या आतली, वापरायची) किती, भाडं की हप्ता, घरात येणाऱ्या पैशातला साधारण कितवा हिस्सा त्यात जातो आणि कामावर पोचायला किती वेळ लागतो. सुपर बिल्टअपचे, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरलेले आकडे नकोत. २०१७ मध्ये रेरा (घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) आल्यापासून कार्पेटवरच बोलायचं आहे, तरी गप्पांमध्ये अजून जुनेच आकडे फिरतात. विकत घेतलेल्यांनी मुद्रांक शुल्क विसरू नका: मुंबईत ६ टक्के, पुण्यात आणि ठाण्यात ७, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी, शिवाय नोंदणीचे जास्तीत जास्त ३०,०००. पुण्यात ५० लाखांचं घर घेतलं की साडेतीन लाख तिथेच गेले. हप्त्यासाठी माझं ढोबळ गणित असं आहे: साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखाला महिना ८७० रुपये.

बदलापूर पूर्व

वन बीएचके, ४१० फूट कार्पेट, २०१९ चा व्यवहार. तेवढ्या पैशात डोंबिवलीला जुन्या, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये वन आरके मिळत होता. पंतप्रधान आवास योजनेचं २ लाख ६७ हजारांचं व्याज अनुदान मिळालं, ते थेट मुद्दलातून वजा झालं. हप्ता आमच्या पगाराच्या पाव हिश्शात बसतो. भावाच्या दृष्टीने पाहिलं तर उत्तम सौदा.

आता बाकीचं. ऑफिस लोअर परळला, दारापासून दारापर्यंत दोन तास. सकाळी बदलापूर लोकल फलाटाला लागते तेव्हा ती रिकामी नसते. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी उलट्या दिशेने बसून आलेली असतात, खिडक्या गेलेल्या असतात, आणि इथून गाडीत चढणाऱ्याला तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तरी नशीब. त्यावरून रोज बाचाबाची. बायको ठाण्याला नोकरी करायची. मुलगी झाल्यावर पाळणाघर सातला बंद व्हायचं आणि गाडी सातच्या आत पोचेल याची खात्री कधीच नसायची. नोकरी सोडावी लागली. डोंबिवलीच्या वन बीएचकेच्या तुलनेत वाचलेले पैसे तिच्या दोन-तीन वर्षांच्या पगारात भरून निघाले असते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, घर लांब घेताना घरातला एक पगार जाईल का, ते आधी बघा.

आणि पावसाचं. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली ती आमच्याच पट्ट्यात. पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूचा तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

परळ, पागडीची खोली

खोली १८० फूट, संडास सामायिक, भाडं महिना शंभराच्या आसपास होतं. लोकांना वाटतं, गिरणगावातले लोक फुकट राहतात. भाडं कमी आहे कारण १९४७ च्या भाडे कायद्याने ते गोठलं आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला फक्त ४ टक्के वाढ दिली. पण वडिलांनी खोली घेताना पागडी मोजली होती, तेव्हाच्या मानाने ती मोठी रक्कम होती. उद्या खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर मिळणाऱ्या पैशातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला. आणि मालक इतक्या भाड्यात डागडुजी करत नव्हता, म्हणून छत गळलं की वर्गणी काढायचो आम्हीच.

पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करून दिली. विकासक सुरुवातीला पर्यायी जागेचं भाडं वेळेवर द्यायचा, नंतर चेक थांबले. आता आम्ही कळव्याला स्वतःच्या खिशातून १६ हजार भरतो आणि परळच्या प्लॉटवर पत्रे ठोकलेले आहेत. आई दर गणपतीला लालबागला जाते आणि येताना तिथे थांबून काम सुरू झालंय का बघते. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फुटांची घरं मिळाली. मनापासून आनंद झाला. ते काम सरकारी म्हाडाचं आहे, खाजगी प्लॉटवर भाडेकरूच्या मागे तेवढं बळ उभं राहत नाही. पुनर्विकासात जाणाऱ्यांनी भाड्यापोटी बँक गॅरंटी घेतल्याशिवाय चावी देऊ नये.

परळच, पण पीजी

मी नर्स आहे, मूळची कुडाळकडची. एका खोलीत तिघी, माणशी ११ हजार, जेवण वेगळं. पगाराचा तिसरा हिस्सा तिथेच जातो, पण रात्रपाळी संपवून पंधरा मिनिटांत अंथरुणाला पाठ टेकते, म्हणून सोडवत नाही.

फ्लॅट बघायला आम्ही तिघी मिळून जातो. पहिला प्रश्न लग्न झालंय का, दुसरा मच्छी-मटण खाता का, आणि रात्री दोनला गेट उघडावं लागेल म्हटलं की सोसायटीची परवानगी नाही. जे मोजके मालक हो म्हणतात ते दोन-तीन हजार जास्त सांगतात, कारण आम्हाला दुसरीकडे दार बंद आहे हे त्यांना माहीत असतं. भाचीला मुंबईला पाठवणार असाल तर हे धरून चाला. एजंटने सांगितलेला भाव कुटुंबवाल्यांचा असतो, एकट्या मुलीचा वेगळा. इथे बांगडा तळायचा नाही अशी अट आहे, ती मी पाळते. पण युनिफॉर्म वाळत घालायला गॅलरी वापरू देत नाहीत, पावसाळ्यात पलंगावर दोरी बांधून पंख्याखाली वाळवावे लागतात. याचा खरोखर त्रास होतो.

वाकड

टू बीएचके, ६५० कार्पेट, भाडं २८ हजार, मेंटेनन्स मालकाकडे. अशीच जागा आमच्याच सोसायटीत ८५ लाखांना गेली. वीस टक्के हातचे घालून ६८ लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता ५९ हजार, म्हणजे भाड्याच्या दुप्पट. दोघांचे पगार आयटीत असूनही आम्ही भाड्यानेच राहतो, आणि फरकाचे पैसे दर महिन्याला ठरवून बाजूला टाकतो. ही शिस्त नसेल तर हे गणित करू नका, पैसे कुठे गेले ते कळत नाही.

भाड्याचा जाच पैशात नाही, मुदतीत आहे. करार अकरा महिन्यांचा, प्रत्येक नूतनीकरणाला वाढ, आणि मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की आपण निघायचं. मुलगा पहिलीत गेल्यापासून आमचा शोध शाळेच्या बसच्या रूटपुरताच उरलाय, आणि एजंटांना ते बरोबर कळतं. हिंजवडी इथून जवळ दिसते, पण संध्याकाळी फेज तीनहून यायला तासभर कुठेच गेला नाही.

कर्वेनगर

वरच्यात भर. पुणे मनपात स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण नवीन घेतलेल्यांना पीटी-३ अर्ज (घरात स्वतः राहतो हे कळवणारा) भरावा लागतो. बिल आलं तसं भरून टाकू नका. मुंबईकरांना ५०० फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता करच माफ आहे. तुलना करताना हेही धरायला हवं.

कोल्हापूर

आमच्याकडं फ्लॅट वाढलेत, पण माणूस अजून जागा घेऊन बांधायचंच बघतो. मी दीड गुंठ्यात बांधलं. गुंठा म्हणजे १,०८९ फूट, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. बांधकाम फुटाला दोन हजारांच्या घरात पडलं. ते जागेवर उभं राहून, वाळूची गाडी आली की स्वतः मोजून घेऊन. सगळं कंत्राटदारावर सोडलं असतं तर जास्त गेलं असतं. कर्ज थोडं, हप्ता पगाराच्या सहाव्या हिश्शात. एमआयडीसी गाडीवर वीस मिनिटं.

पण स्वस्त जागेमागं कागद बघा. सातबारा सामाईक, बाकीच्या हिस्सेदारांच्या सह्या नाहीत, एनए (बिगरशेती परवानगी) नाही, अशी गुंठेवारीची जागा निम्म्या भावात मिळते आणि मग बँक दारात उभं करत नाही. दुसरं म्हणजे पूररेषा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांनी फर्निचर, लाइटीचं फिटिंग, गाड्या सगळं नव्यानं केलं. पूररेषेच्या नकाशातल्या निळ्या रेषेच्या आतला प्लॉट दाखवताना दलाल "पाणी कधीतरीच येतं" म्हणतो. नकाशा मागवून आपण स्वतः बघायचा.

डिचोली, गोवा

पणजीत नोकरी, डिचोलीत भाड्याचं घर. पर्वरीला राहिलो असतो तर दहा मिनिटांत ऑफिस, पण तिथले भाव आता दिल्ली-मुंबईच्या लोकांनी दुसरं घर म्हणून घेतलेल्या फ्लॅटांवरून ठरतात. आसगाव, शिवोलीची तर बातच नको. किनारपट्टीत मालक वर्षाच्या भाडेकरूपेक्षा रात्रीच्या पाहुण्याला जागा देतो, कारण सीझनमधल्या आठवड्यात त्याला आमचं महिन्याचं भाडं सुटतं. माझ्या भावाला हणजुण्यात ऑक्टोबरच्या तोंडावर घर खाली करायला लावलं, सामान मेहुण्याच्या पडवीत ठेवलं.

आजीचं घर मात्र राहिलं. आजोबा मुंडकार होते, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर. १९७५ च्या मुंडकार कायद्याने ती जागा विकत घ्यायचा हक्क मिळाला म्हणून आज काका तिथे आहेत. आमच्या पिढीत नोकरीवाल्याला गावात जागा घेणं त्याच्या पगारात बसत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

बेंगळुरू

थोडक्यात: भाडं पुण्यासारखंच, अनामत भयंकर. पूर्वी सरसकट दहा महिन्यांची, आता पाच-सहा. सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात, भिंत स्वच्छ असली तरी. करारात लिहून घ्या.

म्युनिक

इथे भाडं दोन आकड्यांत सांगतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई धरून. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो, खात्यातून जातो दुसरा. आम्ही चौघं ७२ चौरस मीटरमध्ये राहतो, म्हणजे साधारण ७७५ फूट. हातात येणाऱ्या पगाराचे चाळीस टक्के भाड्यात जातात. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे. बऱ्याच घरांत स्वयंपाकघर नसतंच! नळाचं तोंड आणि प्लग, बाकी ओटा, सिंक, कपाटं आपली आपण आणायची किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायची.

घर मिळेपर्यंत मात्र जीव जातो. एका जागेला शेकडो अर्ज, शुफाचा (कर्ज-उधारी वेळेवर फेडल्याचा) कागद, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. पण एकदा मिळालं की करार बेमुदत. मालकाला वाटलं म्हणून काढता येत नाही, आणि चालू करारात भाडं तीन वर्षांत १५ टक्क्यांवर वाढवता येत नाही. वाकडच्या मित्राने जे लिहिलंय ते वाचून वाटलं, भाड्याने राहणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात त्यामागे हेच आहे, उद्याची शाश्वती नाही. माझी आई अजून म्हणते, परक्याच्या भिंतीला खिळा कशाला ठोकायचा. इथे माझे शेजारी तीस वर्षं भाड्याच्या घरात राहून त्याच घरातून निवृत्त झाले.

विकत घ्यायचं तर बव्हेरियात ३.५ टक्के कर, नोटरी आणि नोंदणीचे सुमारे दोन, दलाल असेल तर त्याचे वेगळे. पश्चिमेला नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात तोच कर ६.५ टक्के आहे.

न्यू जर्सी

हप्त्याबरोबर प्रॉपर्टी टॅक्स विचारा. आमच्या राज्यात तो सरासरी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर आहे, अमेरिकेत सगळ्यात जास्त. कर्ज फिटलं तरी हा संपत नाही. त्यातून सरकारी शाळा चालतात, म्हणून शाळा चांगली तिथे घरही महाग आणि करही. २०२१ मध्ये तीन टक्क्यांनी घेतलेल्यांनी घरं धरून ठेवली आहेत. आता सहा-सात टक्क्यांनी घेणाऱ्याला तेच घर दीडपट हप्त्याला पडतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. परळच्या ताईंचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. तिने मुंबईच्या कंपनीला पहिले सहा महिने राहण्याची सोय करणार का, असं लेखी विचारलं आहे. बदलापूरच्या दादांना एक प्रश्न: वहिनींना जवळपास, म्हणजे कल्याण-अंबरनाथकडे काही काम मिळालं का?

बदलापूर पूर्व

हो, अंबरनाथला एका शाळेत लागली आहे. पगार ठाण्याच्या निम्मा, पण चारला घरी असते.

विरार पश्चिम

उशिरा लिहितोय. ३२० फूट कार्पेट, सात हजार भाडं, चर्चगेट दीड तास. जे इकडे घ्यायला बघताहेत त्यांच्यासाठी: घर मे महिन्यात बघायला या. पाण्याची टाकी किती वेळा भरते ते वॉचमनला विचारा, एजंटला नको. आमच्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्यात टँकरसाठी घरटी नऊशे ते बाराशे जास्तीचे निघतात. आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला परवानगीचं) मागा. "आलंच आहे, फाइल टेबलावर आहे" असं सांगतील. ते हातात पडल्याशिवाय टोकन देऊ नका. प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर आपल्याला जीएसटीही द्यावा लागत नाही, चालू बांधकामावर ५ टक्के आहे, ४५ लाखांपर्यंतच्या लहान घरांना १.