प्रति: गालिच्यावरचा हळदीचा डाग

गालिच्यावर हळदीचा रस्सा सांडलाय, त्यावर इथे आधी कुणीतरी गरम पाणी आणि कपड्यांची पावडर सुचवलीय, ते मुळीच करू नका. पावडरीतल्या सोड्याने हळद लालभडक होते (हळद-चुन्याचं कुंकू असंच बनतं), आणि उष्णतेने रंग धाग्यात मुरतो. आधी रस्सा चमच्याने खरवडून काढा. पाव लिटर गार पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर, चार थेंब भांड्यांचं लिक्विड. त्यात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने कडेकडून मध्याकडे टिपत या. घासलंत की डाग पसरलाच. पाणी बेतानेच, तागाचं अस्तर भिजलं तर तपकिरी डाग वर येतात. उरलेल्या पिवळेपणाला कडक ऊन दाखवा, बाकीचा गालिचा चादरीने झाकून. नायलॉनवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण आधी कोपऱ्यात लावून बघा. लोकरीवर नकोच.