सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळसर धूर आणि मिसिंग: इंजिन खोलण्यापूर्वी काय तपासावे?

कृष्णाकाठ
माझ्याकडे 2005 सालची चार सिलिंडरची, मल्टिपॉइंट इंजेक्शनची पेट्रोल गाडी असून ती सुमारे 1,40,000 किलोमीटर चालली आहे. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ मारला की ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होते, सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघतो आणि एखादे सिलिंडर मिसिंग मारत असल्याप्रमाणे, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसल्यासारखे, इंजिन अर्धा-पाऊण मिनिट थरथरते. त्यानंतर धूर पूर्णपणे थांबतो, रेस स्थिर होते आणि दिवसभरात गाडी कितीही वेळा बंद-चालू केली तरी काहीही त्रास होत नाही. पिकअप पूर्वीसारखेच आहे. हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आसपास ऑइल मात्र वर घालावे लागते. गावातल्या गॅरेजमध्ये आवाज ऐकताच ‘रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावे लागेल’, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या असून इंजिन खोलून त्या बदलाव्या लागतील, असे सांगण्यात आले. पुनर्नोंदणीची मुदत जवळ आली असल्यामुळे एवढा खर्च करण्यापूर्वी निदान नक्की व्हावे, अशी इच्छा आहे. कोणत्या क्रमाने तपासणी करावी?

पानापक्कड
केवळ आवाजावरून रिंगांचा निकाल देता येत नाही, आणि आपण दिलेल्या वर्णनावरून तर माझा संशय रिंगांपेक्षा व्हॉल्व्ह सीलवर अधिक आहे. रिंगा झिजल्या असतील तर इंजिन गरम झाल्यावरही, विशेषतः चढावर किंवा जोरात रेस दिल्यावर, निळा धूर निघत राहतो, पिकअप कमी होते आणि चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडल्यास तेथून धापा टाकल्यासारखा वायू बाहेर येतो. आपला धूर मात्र रात्रभराच्या विश्रांतीनंतरच येतो. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसवलेली रबरी सील उष्णतेने कडक होतात, त्यांची पकड सुटते, आणि गाडी उभी असताना टॅपेट कव्हरखाली साचलेले ऑइल गाइडमधून (दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून) थेंबाथेंबाने खाली उतरते. सकाळी तेच जळते. एखाद्या सिलिंडरमध्ये ते जास्त उतरले, तर प्लगचे टोक ऑइलने माखते, ठिणगी नीट पडत नाही आणि प्लग तापून स्वच्छ होईपर्यंत ते सिलिंडर मिसिंग मारते. म्हणजे धूर आणि थरथर ही दोन दुखणी नसून एकच असण्याची शक्यता आहे.

याची एक बिनखर्चाची परीक्षा आहे. गरम इंजिनावर लांबलचक घाट गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरावा, आणि पायथ्याशी आल्यावर रेस द्यावी. मागच्या गाडीत कोणी जाणकार बसलेला असल्यास उत्तम. उतरताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) मोठी निर्वात स्थिती असते आणि ती सैल सीलमधून ऑइल ओढून घेते, त्यामुळे रेस देताच निळा झोत दिसला तर बोट पुन्हा सीलकडे किंवा गाइडकडेच जाते. त्यापूर्वी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) वायू इनटेककडे सोडणारा व्हॉल्व्ह, काढून हलवून पाहावा, कारण तो तुंबला असेल तर क्रँककेसमधला दाब वाढून असाच धूर येऊ शकतो, आणि तो बदलणे हे अगदी किरकोळ काम आहे.

त्यानंतर कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेज लावून तपासावे. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, इंधनपुरवठा आणि इग्निशन बंद करावे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारावा. अशा इंजिनांत साधारण 150 ते 180 पीएसआय मिळते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार आकड्यांत फार तफावत नसावी. एखादे सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे वाढला तर दोष रिंगांचा, आणि जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि सिलिंडर यांमधल्या पॅकिंगचा) समजावा.

डोंगरमाथा
धुराचा रंग एकदा पुन्हा पाहावा, अशी विनंती करतो. सकाळच्या तिरप्या उन्हात पांढरा धूरही निळसर भासतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी तयार होते, त्यामुळे थंडीत थोडी वाफ दिसणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु वाफेला गोडसर वास येत असेल आणि कूलंटची पातळी हळूहळू उतरत असेल, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे मिस्त्री ज्याला हेड पॅकिंग म्हणतात त्यातून, रात्री कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असण्याची शक्यता आहे. त्यातही सकाळी नेमके असेच मिसिंग होते. संध्याकाळी रेडिएटरला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून दाब रात्रभर ठेवावा आणि सकाळी सेल्फ मारण्यापूर्वीच प्लग काढून पाहावेत. एखादाच प्लग ओला आणि धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर तो कूलंटचा पुरावा आहे. ही शंका मिटल्याखेरीज सीलच्या कामाला हात लावू नये.

रेस_कमी
दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होण्याचे कारण वेगळे असू शकते. सेल्फ न मारता चावी दोनदा ऑन-ऑफ करावी, दर वेळी इंधनपंपाचा घूंऽ आवाज थांबू द्यावा आणि मगच गाडी सुरू करावी. तेव्हा पहिल्या झटक्यात सुरू झाली तर रात्रभरात इंधनाचा दाब उतरतो, असे समजावे. बॅटरीही तपासावी: उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली नाही. बाकी, 20डब्ल्यू-50 ग्रेडचे घट्ट ऑइल घातले तर धूर कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

पानापक्कड
घट्ट ऑइलाने धूर कमी दिसतो हे खरे, पण सील तशीच राहतात आणि थंड इंजिनात वरच्या भागापर्यंत ऑइल पोहोचायला वेळ लागतो. पुस्तिकेत जो ग्रेड दिला आहे, त्याच्याबाहेर जाऊ नये.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. कूलंटची पातळी रात्रीच्या दाबानंतरही तसूभर हलली नाही. सकाळी प्लग काढले तेव्हा तीन तपकिरी आणि कोरडे होते, तर तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर काळे, चिकट ऑइल होते आणि त्याला पेट्रोलचा नव्हे, तर जळक्या तेलाचा वास येत होता. कम्प्रेशन अनुक्रमे 165, 160, 155 आणि 160 पीएसआय आले, आणि तिसऱ्यात ऑइल टाकूनही नाममात्रच फरक पडला. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईजवळ रेस दिली, तेव्हा मागून येणाऱ्या मेहुण्यांना निळा झोत स्पष्ट दिसला. चावी दोनदा फिरवल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, थरथर मात्र तशीच होती. आता हेड उतरवणे अटळ आहे का?

पानापक्कड
रिंगांचा विषय आता संपला. हाफ इंजिन करू नका. सील बदलण्यासाठी हेड उतरवावेच लागते असे नाही. संबंधित सिलिंडरचा पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कम्प्रेसरची हवा भरली, की व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत आणि स्प्रिंग दाबून तिला दांडीवर धरून ठेवणारे छोटे लॉक काढता येतात. हे काम सवयीच्या हातांनीच करावे, कारण लॉक निसटून इंजिनात गेले तर मग खरोखरच सगळे खोलावे लागते. स्प्रिंग निघाल्यावर व्हॉल्व्हची दांडी बोटांनी आडवी हलवून पाहायला सांगावे. ती स्पष्टपणे डुगडुगत असेल तर गाइड झिजले आहेत आणि नवी सील फार काळ टिकणार नाहीत. तेव्हा मात्र हेड लेथवाल्याकडे नेऊन गाइड बदलून, व्हॉल्व्ह घासून घेणेच शहाणपणाचे ठरते. सील फक्त तिसऱ्याची नव्हे, चारही सिलिंडरची बदलावीत, टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि प्लगही नवे टाकावेत.

इंधनाचा दाब उतरण्याचे काम वेगळे आहे. पंपातला चेक व्हॉल्व्ह की गळका इंजेक्टर, हे गेज लावल्याशिवाय कळणार नाही, आणि तोवर चावी दोनदा फिरवून काम भागते. पीयूसीवर मात्र विसंबू नका: ती गरम इंजिनावर होते, आणि तोपर्यंत आपल्या गाडीचा धूर विरून गेलेला असतो.