स्विमिंग पूलमधलं चिवट शेवाळ: मोरचूद की पाणीबदल?

नागावकर (अलिबाग): बंगल्याचा पूल ८ बाय ४ मीटर, खोली दीड मीटर. म्हणजे ४८ हजार लिटर. दोन वर्षं क्लोरीनच्या गोळ्या नेमाने घालतोय, तरी टाइल्सच्या सांध्यांत काळे ठिपके आहेतच. नखाने खरवडलं की वरची बुळबुळीत साय निघते, आठवड्यात ठिपका पुन्हा तिथेच. पूल साफ करणारा म्हणतो, मोरचूद (तांब्याचा क्षार) टाका. माझ्या मते गोळ्या बंद करून निम्मं पाणी बदलावं.

बागाईतदार (तासगाव): मोरचूदच टाका. द्राक्षावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारण्यात माझी उमर गेली, तांब्याचा गुण मला ठाऊक आहे. आणि २४ हजार लिटर पाणी सोडून देणार? आम्ही एप्रिलात टँकर विकत घेऊन बाग जगवतो हो. वाचूनच जीव तुटला.

रसायनवाली (ठाणे): नागावकरांचं बरोबर आहे. प्रत्येक गोळीबरोबर पाण्यात सायन्युरिक ॲसिड जातं. उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून ते असतं, पण ते उडून जात नाही, साठतच राहतं. ते ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) असेल तर शेवाळ मारायला १२ पीपीएमच्या आसपास क्लोरीन पुरतं. १०० झालं की ४० लागतं. म्हणून गोळ्या वाढवल्या तरी शेवाळ हटत नाही. तांबंही पाण्यातच राहतं. प्लास्टरवर डाग पडतात, पिकलेल्या केसांना हिरवट झाक येते. आधी ॲसिडची पातळी तपासा. मग पाणी बदलून गोळ्यांऐवजी लिक्विड क्लोरीन (त्यात हे ॲसिड नसतं), पीएच ७.२ ते ७.४, आणि रोज ब्रश. काळ्या शेवाळाची साय फोडल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. टाइल्सना नायलॉनचाच ब्रश वापरा, तारेचा नको.

बागाईतदार: डागांचं मान्य. पाण्याचं नाही. मे महिन्यात पूल रिकामा करणं मला पटणार नाही.

पूल-मेंटेनन्स (लोणावळा): दोघांनाही सांगतो, गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत कधीही कालवू नका. भडका उडतो.

नागावकर: दादा, तुमचं पाण्याचं म्हणणं मनाला लागलं. जूनपर्यंत थांबतो. तोवर पोहणं बंद, ब्रश चालू. पाऊस लागला की थोडं थोडं पाणी काढून पावसावरच पूल भरू देतो. मोरचूद मात्र टाकणार नाही.

बागाईतदार: हे चालेल. फक्त क्लोरीन उतरल्याशिवाय ते पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात.